नानाच्या छातीइतकं

नानाच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी कोपरखैरण्याच्या बाजारात भेंडी निवडत होतो. "काका, नाना गेले... सकाळीच." मी "बरं" म्हणालो. निवडलेली भेंडी तोलून घेतली आणि घरी आलो. त्याला आता दीड महिना झाला.

तुर्भ्याच्या कारखान्यात आम्ही एकत्र नोकरी केली. मी ताडमाड, नाना माझ्या खांद्याच्याही खाली. मी त्याला बुटक्या म्हणायचो, तो मला लंब्या. निवृत्तीनंतर मी टीव्हीपुढे बसलो आणि त्याने पनवेलपलीकडच्या एका गावाचं गुरचरण डोक्यात घेतलं. तिथे पुन्हा जंगल उभं करायचं, झाडांनी हवेतला किती कार्बन धरला ते मोजायचं आणि त्याचे क्रेडिट धूर सोडणाऱ्या कंपन्यांना विकून गावाला उत्पन्न द्यायचं, असा करार होता. "लावायचं काहीच नाही रे," तो म्हणायचा, "ऐन, किंजळ, कुडा, सगळे खुंट जमिनीत जिवंत आहेत. त्यांना कुणी खाऊ नये, एवढंच बघायचं."

खाणाऱ्या होत्या गावातल्या हिराबाईच्या बकऱ्या. "मंग आमच्या बकऱ्यांनी काय खावाचा? तुमचा कार्बन?" तिने विचारलं. नानाने कुंपण घातलंच. पण पुढे दर पावसाळ्यानंतर तो कुंपणाआतलं गवत कापून तिच्या दारात टाकू लागला. नाना दिसायचाच नाही, नुसता भारा चालत यायचा.

पहिल्या वर्षी, उभ्या होत्या त्या झाडांचा घेर मोजायचा होता. कागदावर लिहिलं होतं, 'छातीच्या उंचीवर'. नानाने स्वतःच्या छातीशी टेप धरला आणि झाडून सगळ्या झाडांना तिथे पांढरा पट्टा मारला. तपासनीसाने काठी लावून पाहिली आणि अख्खी वही नापास केली. छातीची उंची म्हणजे ठरलेलं माप, कुणाचीही छाती नव्हे! मी हसून हसून खाली बसलो. नाना हसला नाही. "लंब्या, सगळं पुन्हा मोजायचंय. येशील?"

गेलो. मग दर वर्षी तो मोजायचा, मी लिहायचो. खरं सांगतो, बायको गेल्यापासून मला 'येशील?' असं कुणी विचारलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात यंदाच्या मोजणीला एकटाच गेलो. प्रकल्पाच्या बाईंनी बजावलं होतं, "काका, ते जुने पट्टे खरवडून टाका हं. कन्फ्युजन होतं." हिराबाई कुंपणाशी उभी होती.

"बुटके सायेब नाय आले?"

सांगितलं. तिने माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं. "मंग आता मोजनार कोन?"

"मीच."

पहिल्या ऐनाशी चाकू उघडला. फिकट झालेला पट्टा माझ्या पोटाशी येत होता. इतका लहान होता नाना... चाकू मिटला, ठरलेल्या उंचीवरचा घेर रकान्यात लिहिला, मग वाकलो आणि पट्ट्यावरून टेप फिरवला. आकडा मोठ्याने वाचला. वहीत त्याला रकाना नाही, म्हणून समासात लिहिला. पुढच्या झाडाशीही तसाच वाकलो.

पट्टे निघत नाहीत, असं मी बाईंना कळवलंय. खरवडून पाहिलेले नाहीत.