चपलांची ओळ

चपला इस्कटलेल्या दिसल्या अन् माझ्या हातातलं दूध सांडलं. उंबऱ्यापाशी सगळ्यांच्या चपला ओळीत लावल्याबिगर भावजी चहाला तोंड लावत नव्हते. पाहुण्यांच्याबी लावायचे. म्या वरडले, "आवं, भावजी कुठं हायत?" नवरा टॉवेलवरच पळाला, पोराला काखंत मारून म्या मागं. घावले, पण तवर सगळं सरलं होतं.

भावजी म्हंजी माझे धाकटे दीर. नळदुर्गात हायवेला आमचं पंक्चरचं दुकान, तिथं ते पाने लहान-मोठे बघून मांडायचे. ट्रकवाले चिडवायचे, "काय पैलवान, पान्यांची शाळा भरवली का?" भावजी म्हणायचे, "शाळा न्हाय. पाने हायत." समदे हसायचे. मग मला इचारायचे, का हसले म्हणून.

नवी आले तवा माझी भाकर करपली. सगळे गप खात होते, भावजीच म्हणले, "वैनी, करपली. अजून एक द्या." खोटं सुचायचंच न्हाय त्यांना. पण आईनं सांगितलेलं मोडायचे न्हाईत.

सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, जन्मापासून ऑटिझम हाय, आता मनबी आजारी हाय, गोळ्या चुकवू नका. गोळ्यांनी लई झोपायचे. म्हणून शेवटच्या तारखेला दवाखान्यात जाताना सासूबाईनं एष्टीत शिकवलं, "इचारलं तर बरं हाय म्हण बाबा, न्हायतर गोळ्या अजून वाढवत्यात." भावजी आत जाऊन तेच म्हणले. डॉक्टर म्हणले, "छान."

परतीची बस लागली. सासूबाई जागा धरायला चढल्या. भावजी भाकर मागावी तसं म्हणले, "वैनी, मला जगू वाटत न्हाय. आईनं बरं हाय म्हणायला लावलं."

पळत खिडकीपाशी जाऊन सासूबाईला सांगितलं. त्या म्हणल्या, "त्याचं तोंड बघ की, रडतोय का? चढ, पुढच्या तारखेला सांगू." आवं, त्यांचं तोंड हसताना-रडताना एकच असायचं!

म्या चढले. भावजींनी माझी पिशवी नीट सरळ ठेवली, मग बसले. पुढची तारीख यायच्या आधीच ते गेले.

आता माझं पोरगं चपला ओळीत लावतंय. बोलत न्हाय अजून. सासूबाईनं भावजींच्या चपला टाकू दिल्या न्हाईत, त्याबी लावतंय. याला 'बरं हाय' म्हणायला म्या कुणाला शिकवू देणार न्हाय.

पण त्या दिवशी कंडक्टर घंटी मारत होता, लेकरू कडंवर रडत होतं, सासू आतून हाका मारत होती, अन् म्होरं ते, शांत तोंडाचे. खरं सांगा, तुमी काय केलं असतं?