एकाच स्वेटरची लोकर

सहारच्या विमानतळावर आईने स्वेटर माझ्या हातात दिला, तेव्हा ती दादाकडे बघत नव्हती. मुलुंडच्या चाळीत दोन महिने बसून तिने तो विणला होता. लोकर एकाचीच झाली. "तुझो पुढच्या वर्षी," ती दादाला म्हणाली, "ह्येका थंडी सोसाची नाय." दादा हसला. "अगो आये, मी दिवसभर चुलीपुढेच असतलंय."

ते खरंच होतं. घाटकोपरच्या हॉटेलात दादा आचारी होता, मी आठवी नापास होऊन त्याच्या हाताखाली कांदे चिरायचो. शेठच्या मेव्हण्याने इंग्लंडमध्ये हॉटेल काढलं. त्याला आचारी हवा होता, आणि दादाने अट घातली की धाकटाही येणार. मी इथे आहे तो त्या अटीमुळे. हे उपकार मी कधी विसरलो नाही. विसरता आले असते तर बरं झालं असतं.

इथली पोरं रस्त्यात आम्हाला दुसऱ्याच देशाच्या नावाने शिव्या घालायची. मी मान खाली घालून भराभर चालायचो. दादा म्हणायचा, "घाबरतोस काय? यांचा भूगोल तुझ्यापेक्षा कच्चा आहे रे. आठवी नापास असणार साले."

दुसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी भर दुपारी, चौघांनी त्याला बसस्टॉपवर गाठलं. मी समोरच्या दुकानात मीठ घेत होतो. बाहेर आलो तेव्हा ते पळाले होते. लोक उभे होते. दादाच्या कोटावर पाठीमागे बुटाचा ठसा होता, अख्खा, टाचेसकट. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

मुलुंडला आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे फोन होता. आईला बोलावून आणलं. काय झालं म्हणून तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "थंडी बाधली गं." मारलं म्हणालो असतो तर तिने जन्मभर त्याला मार खाताना बघितलं असतं. शिवाय मलाही परत बोलावलं असतं, आणि परत येऊन मी काय करणार होतो, ही भीतीही होतीच. तेही लिहून टाकतो.

मग सुनंदे, आम्हा दोघा भावांमागे आईपाशी राहिलेल्या बहिणीचं, तुझं पत्र आलं. दिवसकार्यात आपल्याकडे दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकतात. गेलेलं माणूस येऊन गेलं की पिठात खूण उमटते. तू लिहिलं होतंस, टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं. आणि आई म्हणाली, "पाय आखडले असतीत त्याचे. येतलो कसो? मी एकच स्वेटर केलंय."

पत्र वाचलं तेव्हा तो कोट समोर खुंटीवर होता. ठसा मी अजून धुतला नव्हता.

तीन वर्षांनी मी मुलुंडला आलो. दादाच्या फोटोखाली नवा निळा स्वेटर घडी घालून ठेवलेला. आईने विचारलं, "लय थंडी होती रे तेव्हा?" मी तोंड उघडलं. वाटलं, आत्ता सांगितलं तर तिच्या डोक्यावरचा दोष जाईल. पण त्या जागी जे येईल, ते तिला पेलेल का? मी म्हणालो, "होती."

"घाल मगे ह्यो," ती म्हणाली. "तुका होतलो आता."

मे महिन्यात, चाळीतल्या त्या उकाड्यात, मी तो घातला. तिने बाह्या ओढून नीट केल्या.

आई गेली तीही स्वतःला दोष देत. इथे लोकांनी मला चांगलं वागवलं आहे. शेजारची म्हातारी माझ्या पोरांना केक देते. घर कुठलं विचारलं की मी अजून मुलुंडच सांगतो. पण माझ्यापुरतं घर म्हणजे आता ती एकच जागा, जिथे दादा थंडीने गेला असं मानतात. तिथे आता तूच उरलीस. म्हणून तुला तरी सांगतो, सुनंदे. दादा गेला तो लोकर कमी पडली म्हणून नव्हे.