परबने धरलेली झील

आमची पोस्ट ईशान्येकडच्या डोंगरात होती. सकाळी पीटी, दिवसा पेट्रोलिंग, रविवारी मंदिर परेड. परेड आहे म्हणून मी रांगेत उभा राहायचो; आरतीला तोंड उघडायचो नाही. घाटकोपरला आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. माणसाने माणसाला माणूस मानावं, एवढंच मागणारी गाणी बाबा आपल्या गायन पार्टीत म्हणायचे. माझी श्रद्धा तिथली. देव मी मानत नाही. आजही नाही.

लान्स नायक विलास परब मानायचा. दहिसरचा, मूळचा मालवणकडचा, डबलबारीच्या भजनात वाढलेला. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात, टोमणे मारतात. कव्वालीच्या सामन्यात बाबाही तेच करायचे, म्हणून आमचं जुळलं. जेवणानंतर तुपाचा रिकामा डबा पुढ्यात घेऊन आमची बारी लागायची. देव सगळीकडे आहे तर काही माणसांना देवळाबाहेर कोणी उभं केलं, हा माझा नेहमीचा सवाल. यावर त्याने कधी वाद घातला नाही. त्या माणसांचं गाणं म्हण, मी झील धरतो, म्हणायचा. झील म्हणजे ध्रुपद मागून उचलणं. वर चिडवायचा, "नास्तिका, गळो तुका देवानच दिल्यान."

त्या सकाळी पीटीच्या आधी डोंगराचा कडा सुटला. कुकहाऊस दगडमातीखाली गेलं. परब आत चहा आणायला गेला होता.

सुभेदारसाहेब रेडिओवर होते. "टायगर, चार्ली बोलतोय. एक जवान ढिगाऱ्याखाली. आवाज येतोय. मशीन पाठवा. ओव्हर."

"रस्ता तुटलाय. हातांनी काढा. आऊट."

साहेबांनी मला एका फटीपाशी पालथं झोपवलं. "त्याच्याशी बोलत राहा, झोपू देऊ नकोस."

अशा वेळी माणसाला त्याचा देव हवा असेल, असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी विठ्ठलाचा गजर सुरू केला. चाल चुकली, शब्द अडखळले.

आतून आवाज आला, "कांबळे, देवाची वाट लावलीस रे. तुझं म्हण."

मी बाबांचं गाणं घेतलं. विहिरीवर अडवलेल्या एका आईचं. ध्रुपदाशी आलो की फावडी थांबायची. आतून परब झील धरायचा. त्या आवाजावरून साहेब दिशा दाखवायचे आणि खोदणं पुन्हा सुरू व्हायचं.

मग एका ध्रुपदाला आतून काही आलं नाही. मी तेच पुन्हा म्हटलं.

"थांबू नकोस," साहेब म्हणाले.

मी थांबलो नाही. आम्ही पोचलो तेव्हा परब गेलेला होता.

पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे मी फौजेतून बाहेर पडलो आणि दहिसरला त्याच्या घरी गेलो. भजन मंडळाची माणसं बसली होती. परबच्या आईने मला जवळ बसवलं. विचारलं, "शेवटाक देवाचा नाव घेतल्यान?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. पण परबचा शेवटचा आवाज मला बदलायचा नव्हता.

"नाही काकी. माझ्या बाबांचं गाणं म्हणत होता. विहिरीचं."

मग काकींनी ते ऐकवायला सांगितलं. मी गायला लागलो. ध्रुपदाशी येऊन सवयीने थांबलो. झील धरायला परब नव्हता.

काकींनी डोळे पुसले नाहीत. म्हणाल्या, "परत म्हण. सावकाश. माका झील धरूची आसा."