डाग नसलेली पट्टी

बाबांच्या पायाच्या जखमेवर बांधलेल्या पट्टीवर सकाळपासून एक माशी येऊन बसते आहे. हाकलली की गिरकी घेते आणि पुन्हा तिथेच येते.

पट्टी नव्या तऱ्हेची आहे, फोमची, कडेने घट्ट चिकटणारी. राउंडला आलेले डॉक्टर तिच्यावर फार खूश होते. "बघा, डाग नाही, वास नाही. गॉजचा काय पसारा व्हायचा!" रोज सोडावी लागत नाही म्हणून सिस्टरही समाधानी. डॉक्टरांनी अंगठ्याने पट्टी दाबली. "दुखतंय?"

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. डायबिटीसने त्या पावलाची जाणीव केव्हाच गेली आहे. निखारा ठेवला तरी ते हेच म्हणतील.

गॉज घाणेरडं खरं, पण ते चहाडी करायचं. पिवळं पडायचं, वास मारायचं, आत काहीतरी बिनसलंय हे खोलीभर सांगायचं. न रडणाऱ्या मुलाला आपण गुणी म्हणतो, तशी ही पट्टी गुणी आहे.

"एकदा उघडून बघायची का?" मी विचारलं.

"कशाला? सोमवारी बदलायचीच आहे," म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

मी माशी हाकलायला हात उचलला. आता तिथे दोन होत्या.