स्टुडिओतला कोट

पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत थांबलो होतो. माझ्या आधी एक तरुणी होती. नोकरीच्या साइटवरच्या प्रोफाइलसाठी तिला फोटो हवा होता.

"तुम्ही जेन-झी ना? मग सेल्फी काढायचा की," फोटोग्राफर म्हणाले.

"काका, सेल्फीवर आजवर एकही इंटरव्ह्यू आला नाही."

त्यांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला काळा कोट तिला दिला. तो ढगळ झाला, म्हणून पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. ती खळखळून हसली. तेवढ्यात त्यांनी एक फोटो टिपला. मग तिने चेहरा नीट केला आणि बाकीचे फोटो झाले.

मी वर्तमानपत्रात काम करतो; बातम्यांत आम्ही या पिढीच्या नावाआधी 'बिनधास्त' हे विशेषण सर्रास लावतो. आमच्या वेळी अर्जावर फोटो चिकटवला की काम संपायचं. हिला मात्र तो चेहरा रोज, सगळ्यांसमोर सांभाळायचा आहे. ते कसं जमत असेल, याचं कुतूहल वाटत राहिलं.

फोटोग्राफरांनी स्क्रीनवर हसरा फोटो दाखवला. "हा घे. छान आलाय."

तिने तो क्षणभर पाहिला.

"यात मी अगदी मीच दिसतेय, काका," ती म्हणाली. "हा आईला पाठवते. नोकरीसाठी पुढचा दाखवा."