डब्यावरच्या खुणा

डबा घासायला मला दोन दुपारी लागल्या. आधी राख आणि काथ्या, मग मेंटेनन्सच्या वासुदेवभाऊंनी दिलेला पॉलिश पेपर. गंज निघाला, बुडाला चिकटलेलं जुनं पीठ निघालं. पत्र्यावर सगळीकडे ओरखडे होते, तेही घासून सपाट केले. काही फार खोल होते. त्यांत वासुदेवभाऊंनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून दिली. मशीनला मारून उरलेला हिरवा ऑइल पेंट होता, त्याचे दोन हात दिले. वाळल्यावर मी पांढऱ्या रंगाने मंडळाचं नाव लिहिलं. माझं अक्षर बरं आहे.

मॅनेजर काळेसाहेब बघून गेले. "एकदम नवा केला, शोभाताई," म्हणाले. मला आनंद झाला. हे काम मला कुणी जबरदस्तीने दिलेलं नव्हतं. मंडळाच्या मीटिंगमध्ये पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमाची कामं वाटली तेव्हा कुणी भाषण घेतलं, कुणी पाहुण्यांचं स्वागत घेतलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. डबा घासताना बोलावं लागत नाही, म्हणून मी डबा मागून घेतला.

आमची डाळमिल अकोल्याच्या एमआयडीसीत आहे. मी निवडाईवर आहे. तुरीची डाळ मशीनमधून निघून पट्ट्यावर येते. पट्टा चालत राहतो आणि दोन्ही बाजूंना आम्ही बाया बसतो. खडा, काळा दाणा, साल न सुटलेला दाणा दिसला की उचलायचा. हे काम डोळ्यांपेक्षा हाताचं आहे. हात पट्ट्याला इतका सरावतो की घरी ताटातला जळका शेंगदाणाही तो आपोआप बाजूला काढतो. नियम एकच. दाणा चांगला की वाईट अशी शंका आली, तर तो फेकायचा नाही. जवळच्या सुपात वेगळा ठेवायचा आणि मुकादमिणीला विचारायचं.

मंडळाची गोष्ट सांगायची तर निवडाईत डाळीचा तुकडा निघतो. त्याला चुरी म्हणतात. आठवड्याला प्रत्येक बाईला थोडी चुरी घरी न्यायला मिळते, जुन्या काळापासूनचा रिवाज आहे. पूर्वी काही बायांनी आपल्या चुरीतली एकेक मूठ याच डब्यात टाकायला सुरुवात केली. त्या डाळीची खिचडी करून त्या दर गुरुवारी मोठ्या दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना वाढायच्या. खेड्यांतून आलेली माणसं, व्हरांड्यात सतरंजी टाकून पडलेली, जवळ चूल नाही. तेव्हापासून गुरुवार चुकलेला नाही. आता पुरुष कामगारही आहेत, शेजारच्या दोन मिलचे लोक आहेत, रक्तदान होतं, उन्हाळ्यात पाणपोई असते. त्या सगळ्याला यंदा पंचवीस वर्षं झाली. मालकांनी गेटजवळ दगडी पाटी लावायचं कबूल केलं. पाटीवर सुरुवात करणाऱ्या बायांची नावं कोरायची होती.

नावं कुणालाच माहीत नव्हती. मी लागले तेव्हा त्यांतली एकच बाई कामावर होती, गौकर्णाबाई, आणि तीही वर्षभरात घरी बसली. ती आता मूर्तिजापूरला लेकीकडे असते. सुमनबाई म्हणाल्या, आपण जाऊन विचारू. सुमनबाई मंडळाच्या अध्यक्ष, आणि पट्ट्यावर आमच्या मुकादमीणही त्याच. त्यांनी मला सोबत घेतलं. तोवर डबा रंगवून, पोत्यात गुंडाळून मी स्टोअरमध्ये ठेवला होता. सुमनबाईंनी तो पाहिला नव्हता.

गौकर्णाबाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. लेकीचं भाजीचं शेत आहे. नजर अधू झाली होती, पण जुड्या अगदी सारख्या होत्या.

"या वं, या. मिल चालू हाय का बंद पडली?"

"चालू हाय मावशी. तुमच्याबिगर अडली नाई," सुमनबाई म्हणाल्या.

"माह्याबिगर कोनाचंच अडत नाई. लेकीचं बी नाई. जुड्या बांधायले तेवढी ठेवली मले."

सुमनबाईंनी पाटीचं सांगितलं. गौकर्णाबाईने हातातली जुडी खाली ठेवली. "अकरा होतो आमी," ती म्हणाली आणि बोटांवर नावं मोजायला लागली. सहा नावं झाली, स्वतःचं धरून सात. मग ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजली, पुन्हा सातावर थांबली.

"बाकीच्या चौघी लवकर गेल्या वं. एक चिखलदऱ्याकडची होती. एक बाळंतपनात मेली. तोंडं दिसून राह्यली, नावं नाई येत." मग ती एकदम म्हणाली, "डबा हाय ना?"

"हाय ना, स्टोअरमधे."

"मंग काहून घोर करता? डब्यावर सगळ्यायच्या खुणा हायेत. खुण पाह्यली का मले नाव येते."

कसल्या खुणा, असं सुमनबाईंनी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं. त्या वेळी गेटवर बायांची झडती व्हायची. डाळीने भरलेला डबा बाहेर नेताना वॉचमन म्हणाला असता, चोरीचा माल. ज्या बाईच्या हातात डबा, तिचं काम गेलं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी अकरा जणींनी खिळ्याने डब्यावर आपापली खूण कोरली. लिहिता एकीलाही येत नव्हतं. कुणी विळा काढला, कुणी बांगडी, कुणी तुळस, कुणी नुसत्या तीन रेघा.

"धरलं तं अकराही जनीले धरा, असं ठरलं होतं," गौकर्णाबाई म्हणाली. "वॉचमननं डबा फिरवून फिरवून पाह्यला. मंग म्हने, जा बाप्पा."

माझ्या हाताला अजून रंगाचा वास होता. मी हात पदराखाली घेतले.

सुमनबाईंना फार आनंद झाला. "मावशी, आता नका सांगू. कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर डब्यावरून हात फिरवा आन् सगळ्यायसमोर एकेक नाव सांगा. मंग आपन पाटी कोरू."

परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारलं, "तू गप काहून हायेस वं?"

"काई नाई," मी म्हणाले.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी दोनदा सुमनबाईंकडे गेले. पहिल्यांदा त्या मंडपवाल्याशी भांडत होत्या, म्हणून मी परत आले. दुसऱ्यांदा त्यांनी हातातलं काम सोडलं. "बोल ना वं," म्हणाल्या. मी विचारलं, कार्यक्रमाला साडी कोणत्या रंगाची नेसायची? "कोनत्याबी रंगाची नेस, निरा घाबरते ही," म्हणून त्या हसल्या. त्याच दिवशी मी बोलले असते, तर आठवड्यात पुष्कळ करता आलं असतं. गौकर्णाबाईला शांतपणे बसवून एकेक तोंड आठवायला लावता आलं असतं, जुन्या वॉचमनला शोधता आलं असतं, चिखलदऱ्याकडे निरोप धाडता आला असता. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मिलच्या आवारात मंडप भरला. मालक होते, शेजारच्या मिलचे लोक होते, दवाखान्यातल्या दोन सिस्टर होत्या. गौकर्णाबाईला हात धरून स्टेजवर आणलं. टेबलावर कापडाखाली डबा होता. काळेसाहेबांनी कापड काढलं. हिरवा डबा चकाकला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमनबाईंनी वाजवल्या नाहीत.

गौकर्णाबाईने डब्यावर दोन्ही हात ठेवले. एका बाजूने फिरवत गेली, मग उलटी आली. माइक तिच्या तोंडाशी धरलेला होता.

"हा नवा हाय. आमचा आना."

"मावशी, तोच आहे," काळेसाहेब म्हणाले. "फक्त रंग दिला."

तिने परत हात फिरवला, या वेळी सावकाश. मग विचारलं, "कोनं घासला?"

माइकमुळे ते सगळ्या आवारात ऐकू गेलं. वासुदेवभाऊंनी खाली पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होते. मी उठून उभी राहिले. "मी घासला," म्हणाले. इतक्या माणसांत मी पहिल्यांदा बोलले, ते हे दोन शब्द.

तिने मला वर बोलावलं. माइक बाजूला केला. "निवडाईवर हायेस?"

"हो."

"हात चांगला हाय. एक डाग ठेवला नाई." रागाने म्हणाली की कसं, मला अजून कळलेलं नाही. मग विचारलं, "हे वरतं काय लिवलं?"

"मंडळाचं नाव."

"तूनंच लिवलं?"

"हो."

"तुले लिवता येते," ती म्हणाली. "तुले काय समजन माय, खुण कायले लागते."

ती सात नावं सांगून खाली उतरली. बाकीच्या चौघींसाठी तिने फक्त हात जोडले. जेवणाला खिचडीच होती. तिने दोन घास खाल्ले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वासुदेवभाऊंनी आणि मी थिनर लावून रंग काढला. लांबी खरवडली. खोल कोरलेल्या तेवढ्या दोन खुणा सापडल्या, एक विळा आणि एक बांगडी. मी एकटीच मूर्तिजापूरला गेले आणि कागदावर काढून दाखवल्या. कागद डोळ्यांजवळ नेऊन गौकर्णाबाई म्हणाली, विळा तिचा स्वतःचा आणि बांगडी तिच्या जावेची. दोन्ही नावं सातांतलीच होती. बाकीच्या बायांनी हलक्या हाताने कोरलं होतं.

सुमनबाई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "येक डाव विचारायचं होतं वं." पट्ट्यावर त्यांची जागा माझ्यापासून दोन हातांवर आहे. वीस वर्षांत शंका आलेला प्रत्येक दाणा मी त्यांना दाखवला. एक दाणा चुकीचा गेला तर कुणाचं काही बिघडत नाही, तरी दाखवला.

पाटी गेटजवळ लागली आहे. सात नावं आणि खाली 'व इतर चार भगिनी'. डबा तसाच रंग काढलेला, उघड्या पत्र्याचा ठेवलाय. दर गुरुवारी त्यात मूठ पडते. आता तो घासायचा नाही, नुसता पुसायचा, असं ठरलं आहे. ठरवताना मीटिंगमध्ये मला विचारलं. मी हो म्हणाले.