लाईट जायच्या आत

दुरुस्तीला तो शिरूरहून येतो, चप्पल दाराबाहेर काढतो आणि कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान वरवंडात, माझं. पण बाकावरची माणसं खुलतात ती त्याला बघून. मला हेच खुपतं.

गेल्या आठवड्यात आधारसाठी अंगठा घ्यायचं मशीन यूएसबीला लावलं की मिनिटभरात बंद पडत होतं. मी वायर बदलली, विंडोज नव्यानं टाकलं, दोन दिवस घालवले, शेवटी त्याला बोलावलं. त्यानं आल्या आल्या बाकावरच्या म्हाताऱ्या आबांना विचारलं, "आबा, गावातली लाईट आज कवा जाती?"

"अकराला."

"मग टाईम हाय. कॉम्प्युटरच्या बोर्डाचं फर्मवेअर, म्हंजी त्याच्या आतला मूळ प्रोग्राम, जुनं झालंय, ते अपडेट करतो. यांचा इन्व्हर्टर बंद पडलाय. मधी लाईट गेली, तर बोर्डच जायचा."

अपडेट संपेपर्यंत ढिला प्लग निसटू नये म्हणून तो त्यावर तळवा धरून बसला. आबांनी तंबाखू मळायचं थांबवलं.

मशीन चालू झालं. "यांनी बाकीचं सगळं तपासलं व्हतं, म्हणून लवकर घावलं," तो आबांना म्हणाला.

मी मान खाली घातली. इतका वेळ मी वरच्या पंख्याकडं बघत होतो, लाईट जाऊन पंखा थांबावा म्हणून.